कवळीच्या रंगाचा गेम

मंगळवार, ४ मार्च

चोरीच म्हणायची ही. दादाच्या माळ्यावरून त्याचा जुना टीव्ही गेम उचलून आणला आणि वहिनीला सांगितलं, "जुन्या वायरी आहेत, लॅबमध्ये कामाला येतील." तिनं मान वरही केली नाही. "ने की. विचारतेस काय एवढं!" माझ्यावर इतका विश्वास कुणी ठेवू नये.

खोका जसाच्या तसा. झाकणावर दादाच्या शाळकरी अक्षरात — 'हात लावू नये. विशेषतः चिमीने.' चिमी म्हणजे मी. बेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी ते वाचून हात मागे आला!

आत सगळं आहे. करडं यंत्र, दोन रिमोट, पाणबुडीच्या गेमची पिवळी कॅसेट. रिमोटच्या वायरी त्यानं नीट गुंडाळून रबरं लावून ठेवलीत. पहिल्याच रबराला हात लावला. तुटलं.

बुधवार, ५ मार्च

काय करणार आहे ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या शेपूट घालायला नको.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून दादाची डावी बाजू गेलीय — हात, पाय, अर्धं तोंड. बोलणं म्हणजे नुसते आवाज. उजवा हात चांगला आहे, पण त्या हाताला करायला काही नाही. दिवसभर उशांना टेकून बसतो. टीव्ही लावू देत नाही. पुस्तक एका हातात धरून पान उलटता येत नाही. गेल्या रविवारी वहिनी म्हणाली, "अंगठा बघ त्याचा, सारखा हलत असतो. डॉक्टरांना विचारायला हवं." मी बघितलं. चादरीवर अंगठा — टक, टक टक, टक. डॉक्टरांना कशाला विचारायचं? पाणबुडी! गोळ्या सोडतोय तो!

तर त्याला हातात मावेल असा गेम करून द्यायचा. त्याच यंत्राचा, तीच कॅसेट, स्क्रीन त्यातच बसवलेला. दुकानात हातातले गेम ढिगानं मिळतात, पण जगात प्रत्येकाला दोन हात आहेत असं धरून केलेले. मला एका हाताचा हवा. अंगठ्याखाली गोळ्यांचं बटण, आणि मागच्या बाजूला, चार बोटांखाली, दिशांची बटणं.

विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मी कवळ्या करते. वीस वर्षं परक्यांच्या तोंडात नेमक्या बसतील अशा कवळ्या घडवतेय. सख्ख्या भावाच्या हातात बसेल असा एक डबा घडवता येणार नाही?

शुक्रवार, ७ मार्च

हे ज्याच्यासाठी चाललंय ते अजून लिहिलेलंच नाही. लिहिते.

दादाचा एक खेळ होता. मी काम करते तिथं पुढे दातांचा दवाखाना आणि मागे लॅब. लॅबच्या फोनवर दुपारी फोन करायचा आणि बोळक्या म्हाताऱ्याच्या आवाजात विचारायचा, "कवळी झाली का हो, बाई?" मी कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यापासून. ओठ सैल सोडून, जीभ लोंबकळत ठेवून असा बेमालूम आवाज काढायचा की आमचे मालकसुद्धा दोनदा फसले. मी म्हणायची, "आजोबा, गुरुवारी या!" — कवळी घालून बघायला आम्ही लोकांना गुरुवारीच बोलावतो — आणि फोन ठेवून द्यायची. एवढाच विनोद. इतका जुना, आणि तरी दर वेळी हसू यायचं.

त्या दिवशी दुपारी फोन वाजला. आवाज तोच. सैल, ओला. शब्द नीट लागेनात. "चि... ये... ये."

मी हसले. मोठ्यानं हसले! म्हटलं, "आजोबा, आज तर फारच छान जमलंय! गुरुवारी या!" आणि ठेवला.

दादाचं घर लॅबपासून दोन गल्ल्या पलीकडे. रमतगमत गेले असते तरी —

संध्याकाळी वहिनी कामावरून आली तेव्हा तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला. भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर लोंबत होता. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं."

थोडं आधी. हल्ली हे दोन शब्द कुणीही कशाबद्दलही बोललं की मी दचकते. काल मालक म्हणाले, "प्लास्टर थोडं आधी कालवायला हवं होतं," तर माझ्या हातातलं भांडं पडलं.

त्या फोनचं कुणालाही माहीत नाही. नवऱ्यालाही नाही. दादाला आठवतं की नाही, तेही माहीत नाही. तेच तर कळत नाही!

रविवार, ९ मार्च

हाताचं माप घेतलं. कवळीसाठी आम्ही माणसाला मेण चावायला देतो, तसंच. गुलाबी मेणाची पट्टी गरम पाण्यात मऊ केली, लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळली आणि दादाला म्हटलं, "धर. घट्ट." वहिनीला सांगितलं, हाताचा व्यायाम आहे. खोट्याच्या ढिगावर आणखी एक.

त्यानं धरलं. मेणात चार बोटं उतरली, अंगठा उतरला, तळव्याची रेघसुद्धा. गार झाल्यावर मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. "दुखलं का?" विचारलं. त्यानं नुसतं बघितलं. घशातून आवाज आला, शब्द नाही. डोळ्यांत काय होतं? राग असेल. मला तरी रागच दिसला. चोराच्या मनात चांदणं!

मग चहा. चहाबरोबर वहिनीनं ते नेहमीचं सुरू केलं. "त्या दिवशी कामावरून आल्यावर मी फाटकातच उभी राहिले गं, शेजारणीशी बोलत. नुसत्या वायफळ गप्पा! आणि हा आत मला फोन लावत होता. लागलाच नाही बघ. आकडे चुकले असतील बिचाऱ्याचे." रडली. मी पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तुझा काय दोष त्यात?"

हे मात्र खरं बोलले. तिचा काय दोष? पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

भिंतीवरचा फोन आता तिनं त्याच्या उशाशी आणून ठेवलाय. लांब वायर टाकून घेतली. स्वतः बिनपगारी रजेवर आहे, घर सोडून हलत नाही, तरी फोन उशाशी! दादा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

बुधवार, १२ मार्च

झालंचकडे गेले. लॅबशेजारी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो तो. काहीही विचारा, "झालंच!" म्हणतो. आमचा मिक्सर त्याच्याकडे गेल्या वर्षापासून 'झालंच' आहे.

"कुणासाठी हे?"

"भावासाठी. आजारी आहे."

"वा! बहीण असावी तर अशी!"

नुसती मान हलवली.

त्यानं यंत्र उघडलं आणि भाषण दिलं. एवढ्या मोठ्या पेटीत कामाची म्हणाल तर ताटलीएवढी हिरवी पट्टी. तिच्या एका कडेला पत्र्याची डबी, ती जुन्या टीव्हीसाठी, ती उपटायची. चित्र थेट छोट्या स्क्रीनला द्यायचं. स्क्रीन त्यानं भंगारातून शोधून दिला — गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दाखवतो ना, तो. जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्यांवर चालेल म्हणाला. तारा टेकवल्या, आणि लागलं की! तळव्याएवढ्या काचेत पाणबुडी! तोच निळा समुद्र, तेच डोकं उठवणारं संगीत! मी टुणकन उडालेच. फक्त चित्रावर तिरप्या रेघा येत होत्या. हिरवी, पिवळी, लाल.

"गाडी लावायच्या रेघा त्या," झालंच म्हणाला. "राहू द्या. पाणबुडी पार्क करायला बऱ्या!"

खूप हसले. आणि मग हसून एकदा काय करून बसलेय ते आठवलं.

शनिवार, १५ मार्च

मेलं. मारलं मी.

पट्टी डब्यात मावत नव्हती. एक कोपरा बोटभर जास्त. झालंच म्हणाला होता, "तिथं काही नाही, रिकामी जागा आहे. कापा. झालंच!" जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या मोटरला चकती लावली — कवळीच्या कडा कापतो ती — आणि सर्रकन कापलं. हात सरळ, कड सुरेख. जोडून बघितलं. राखाडी. नुसता राखाडी पडदा. समुद्र नाही, संगीत नाही. कॅसेट काढून घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. राखाडी.

दादानं लहानपणापासून जपलेली एकच वस्तू होती ही. लग्न झालं, तीन घरं बदलली, माळ्यावरचा खोका त्याच्याबरोबर फिरला. वर लिहून ठेवलं होतं, विशेषतः चिमीने. ओळखून होता मला!

माझा हात लागला की दादाचं काहीतरी मोडतं.

रविवार, १६ मार्च

गेले नाही. सर्दी झालीय म्हणून कळवलं. वहिनी म्हणाली, "जप गं. तू आडवी झालीस तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मंगळवार, १८ मार्च

नवऱ्यानं टेबलावरचा पसारा बघितला. "शवविच्छेदन कुणाचं चाललंय?" मी त्याच्यावर ओरडले. मग रडले. त्याला वाटलं, यंत्रासाठी. "अगं, जुनं धूड ते. आणि दादा काही म्हणायचा नाही तुला."

तेच तर! दादा काही म्हणायचा नाही. म्हणताच येत नाही त्याला.

गुरुवार, २० मार्च

झालंचनं डोळ्याला भिंग लावून पट्टी बघितली. पहिल्यांदाच 'झालंच' म्हणाला नाही, तेव्हा मी खरी घाबरले. पट्टीच्या पाठीवरून केसासारख्या तांब्याच्या वाटा जातात. त्यातल्या काही वळसा घालून त्याच कोपऱ्यातून गेल्या होत्या. वरून जागा रिकामी, खालून वर्दळ!

त्यानं स्वतःचे दोन्ही कान धरले. "चूक माझी. उलटून न बघताच सांगितलं मी."

बघा, एवढं सोपं असतं. कान धरायचे आणि 'चूक माझी' म्हणायचं. दोन शब्दांत मोकळा झाला तो! मी दुकानात उभी राहून त्याचा हेवा केला.

तुटलेल्या वाटा तारेनं जोडता येतील म्हणाला. पण त्याचा हात हल्ली थरथरतो. "तुमचाच हात हवा. दात कोरता तुम्ही." म्हणजे तोडलं मी, जोडायचंही मीच. न्यायाचंच झालं.

शनिवार, २२ मार्च

सुट्टी. मेणाचा डबा करून त्यावर बटणं कुठं यायला हवीत ते बघायचं होतं. माझा डावा हात सारखा मदतीला धावत होता. शेवटी ओढणीनं कमरेला बांधून टाकला. बटणांचं जमलं. मग म्हटलं, जेवणापर्यंत असाच राहू दे.

बाटलीचं झाकण — मांडीत धरून. कांदा पळतो, त्याला धरायला कुणी नाही. चष्मा पुसता येत नाही. केस बांधता येत नाहीत. पाठीला खाज सुटली ती डावीकडेच! नवरा हसला. "काय सोंग आहे हे?" मी ओढणी सोडली. माझी गाठ सुटते.

सोमवार, २४ मार्च

दातांच्या तारेहून बारीक तार. लॅबचं भिंग, लॅबचा दिवा. एकेक वाट खरवडून तांबं उघडं करायचं, कथिलाचा टिपूस टाकायचा, तार टेकवायची, तोवर श्वास सोडायचा नाही. पहिली सुटून आली. दुसरी शेजारणीला जाऊन चिकटली. पाचवीपर्यंत हात बसला.

एक कळलं. हात असा गुंतलेला असला की डोकं गप्प बसतं. तेवढा वेळ तो फोन वाजत नाही. मग मी हे दादासाठी करतेय की माझ्यासाठी? उत्तर माहीत आहे. लिहीत नाही.

बुधवार, २६ मार्च

लागलं! समुद्र निळा! झालंचनं स्क्रीनच्या मागची एक तार कापली आणि गाडीच्या रेघाही गेल्या. या वेळी आधी उलटून बघितलं त्यानं, दोनदा.

शनिवार, २९ मार्च

डबा झाला. मेणाचा साचा प्लास्टरमध्ये पुरला, उकळत्या पाण्यात मेण वितळवून काढलं, उरलेल्या पोकळीत गुलाबी मिश्रण दाबून भरलं आणि शिजवलं. रोजचंच काम, फक्त तोंडाऐवजी मूठ. दुसरा रंग लॅबमध्ये नाहीच. प्लास्टर फोडलं तर आतून हिरड्यांच्या रंगाचा, बोटांच्या खोबणी असलेला एक प्रकार निघाला. मालक नेमके तेव्हाच आत आले. हातात घेऊन फिरवला, पालथा केला, चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हा कुठल्या जनावराचा जबडा?"

सांगितलं सगळं. म्हणजे, जेवढं सगळ्यांना सांगते तेवढं सगळं. मालकांनी डबा पॉलिशच्या चाकावर स्वतः धरला, कडा मऊ केल्या. परत देताना म्हणाले, "तुझ्या भावाचा दुपारचा फोन येत नाही हल्ली. चुकल्यासारखं वाटतं."

मी नळ सोडला आणि उगीच हात धूत राहिले.

रविवार, ३० मार्च

टॉवेलात गुंडाळून नेला. दादाच्या मांडीवर ठेवला.

बराच वेळ बघत होता. पिवळी कॅसेट वर डोकावते ना, ती आधी ओळखली. मग गुलाबी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उजवी भुवई वर गेली. 'विशेषतः चिमीने'ची भुवई! मी मान खाली घातली. "कापला रे. विचारलं नाही तुला. चुकलं माझं." हे म्हणता आलं! छोट्या चुकीची माफी मोठ्या चुकीच्या आड उभी राहून मागितली.

त्यानं डबा उचलला. बोटं आपोआप खोबणीत गेली. वहिनीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, ते मेण! व्यायामाचं!"

मी बटण दाबलं. राखाडी.

पुन्हा दाबलं, पुन्हा. "निघताना लागत होता! शपथ लागत होता!" वहिनी म्हणे, "असू दे गं." बोलणं शिकवणाऱ्या बाई तिथंच बसल्या होत्या, रविवारी सकाळी येतात त्या. गेले कित्येक आठवडे दादाला फुंकर मारायला शिकवतायत. कधी मेणबत्ती, कधी कागदाचा कपटा. ओठ मिटायला लागले की प, ब, म येतील म्हणतात. दादा तोंड फिरवतो. शेंबड्या पोरासारखं फुंकायचं नाही त्याला.

मी कॅसेट उपसली आणि काही विचार न करता त्याच्या तोंडापुढे धरली. लहानपणी गेम अडला की धूळ उडवायला धरायची तशी. फुंकायचं काम कायम त्याचं. मी फुंकलं की थुंकी उडते म्हणायचा! त्यानंही विचार केला नाही. मान पुढे काढली आणि फुंकलं. वाकडं, अर्धं, डावीकडून वारा निसटतोय, आणि थुंकी तर विचारू नका. बाई खुर्चीतून उठल्याच. "परत! परत करा!" दादानं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही, त्याला कॅसेटची पडली होती. पुन्हा फुंकलं. या खेपेला ओठ जवळ आले.

झालंच म्हणतो फुंकून काही होत नाही, उलट गंज चढतो. म्हणू दे. कॅसेट घातली आणि समुद्र निळा झाला!

अंगठा — टक, टक टक. दादा खेळायला लागला. वहिनी रडतही होती, हसतही होती. गळ्यात पडली माझ्या. "तू केलंस हे. आम्हाला कुणाला सुचलं नाही." मी तिच्या खांद्यात तोंड खुपसून उभी. त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवार, २ एप्रिल

आज वहिनीला सांगणार होते. चहा झाला. दुसरा चहा झाला. निघून आले.

रविवार, ६ एप्रिल

'म' आला! 'ब'सुद्धा, जरा घसरत. रोज कॅसेट काढतो, फुंकतो, परत घालतो — गेम सुरळीत लागत असला तरी. बाई म्हणाल्या, "माझ्या मेणबत्त्या आता घरी न्यायला हरकत नाही." मी म्हटलं, "मला दे ना एक डाव." दिला नाही! लहानपणीही असंच. मी कायमची लिंबूटिंबू. इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

आणि मग ते झालं. बाई गेल्यावर वहिनी त्याच्याजवळ जाऊन बसली. "एक विचारू? त्या दिवशी मलाच लावत होतास ना फोन?"

मी समोरच्या खुर्चीत. पळायला वाट नाही.

दादानं गेम थांबवला. मान हलवली. नाही.

"नाही?"

पुन्हा. नाही.

बाईंनी आधीच सांगून ठेवलंय की या आजारात हो-नाहीची गल्लत होते, हो म्हणायचं असलं तरी मान आडवी हलते. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "गल्लत होतेय बघ. किंवा मला वाईट वाटू नये म्हणून." आणि डोळे पुसत उठली.

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. उशाशी ठेवलेल्या फोनकडे बघितलं, आणि मग खाली स्क्रीनकडे.

अर्ध्या तोंडाचा माणूस खरं सांगत होता. आणि मी, धडधाकट तोंडाची, शेजारी बसून गप्प. दुसऱ्यांचे दात बसवून पोट भरते, आणि स्वतःची अशी दातखीळ बसलीय!

सोमवार, ७ एप्रिल

त्याला आठवतंय.

गुरुवार, १० एप्रिल

दुपारी लॅबचा फोन वाजला. माझ्या हातात मेण. "हॅलो?" पलीकडे नुसता श्वास. मग आवाज. सैल, ओला. "क...वळी... झाली का... बाई?"

हसले नाही. गुरुवारी या म्हटलं नाही — आज गुरुवारच होता! रिसीव्हर टाकला आणि धावत सुटले. अंगावर अॅप्रन, हातात मेण, दोन गल्ल्या. मागून मालक हाका मारतायत. वहिनीनं दार उघडलं, तिला कशाचाच पत्ता नाही. तिला बाजूला सारून आत गेले.

दादा उशांना टेकून बसलेला. कानाला फोन, मांडीवर गुलाबी डबा, अर्धं तोंड हसतंय. माझा अवतार बघून त्याचे खांदे हलायला लागले. मग थांबला. फोन खाली ठेवला. एकेक अक्षर ओठांत जुळवून म्हणाला,

"आज... आलीस."

दारातून वहिनी म्हणाली, "आज म्हणजे?"

मी तिच्याकडे वळले. "वहिनी, बस. सांगते."